नऊ महिने पाण्यावर

ऑगस्टात मासेमारीची बंदी उठली, की डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या पाड्यांवरचे तरुण सौराष्ट्राची वाट धरतात. वेरावळ, मांगरोळ, पोरबंदर, ओखा ही त्यांची बंदरे. तिथल्या यांत्रिक बोटींवर ते खलाशी म्हणून चढतात आणि मधला एखादा सण वगळला तर मे संपेपर्यंत घराचे तोंड पाहत नाहीत. या काळात त्यांचे अंथरूण, चूल, कामाची जागा आणि शेजार हे सगळे एकाच लाकडी बोटीत असते. त्यांना कोणी प्रवासी म्हणत नाही, भटके तर नाहीच. पण गाव सोडून दीर्घकाळ एकट्याने बाहेर काढायचा म्हणजे काय, हे पालघर जिल्ह्यात कोणाला नीट ठाऊक असेल तर यांनाच.

या लोकांचा समुद्राशी पिढीजात संबंध नाही, ही यातली पहिली नवलाची गोष्ट. डहाणूच्या किनाऱ्यावर मांगेला, माच्छी अशा मासेमार जाती आहेत. त्यांची गावे ती बंदरपट्टी. रेल्वेमार्ग ओलांडून पूर्वेला गेले की जंगलपट्टी सुरू होते. तिथे वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडिया, काथोडी यांची वस्ती. तलासरी तालुक्यात दहातले नऊ लोक आदिवासी आहेत, डहाणूत दोन-तृतीयांशांहून अधिक. खलाशी म्हणून जाणारे बरेचसे या जंगलपट्टीतले. भाताच्या खाचरात आणि सागाच्या रानात वाढलेला मुलगा अठराव्या-विसाव्या वर्षी एकदम अरबी समुद्रात जातो. पहिल्या फेरीत बोट लागते, पोटात अन्न ठरत नाही, आणि तरीही जाळे ओढायचे असते.

या जाण्याला इकडे नेमका शब्द आहे: जगायला जाणे. कामाला जाणे वेगळे. सकाळची गाडी पकडून उंबरगाव, सरिगाम किंवा वापीच्या कारखान्यात जाऊन रात्री परतणारा कामाला जातो. जगायला जाणारा मात्र घर बंद करून किंवा घर म्हाताऱ्यांवर सोपवून निघतो, तो हंगाम संपल्यावरच येतो. शब्दाने कारणही सांगून टाकले आहे, म्हणून ‘का जाता?’ हा प्रश्न पाड्यावर कोणी विचारत नाही.

कारण जमिनीत आहे. पाऊस चार महिन्यांचा, दोन हजार मिलिमीटरच्या आसपास. त्यावर भाताचे एक पीक निघते, वरकस उतारावर नाचणी, वरई. तुकडे लहान, पाणी उन्हाळ्यापूर्वीच आटलेले. सूर्या नदीवर धामणीला धरण आहे, पण त्यातल्या पाण्याचा मोठा वाटा वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे जातो. म्हणजे इथले पाणीसुद्धा शहरात जगायला जाते. डहाणू तालुक्याला केंद्र सरकारने २० जून १९९१च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवले आणि उद्योगांसाठी एकूण ५०० एकरांची मर्यादा घातली. त्यामुळे घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्या आणि झाडी बरीचशी टिकली. कारखान्यांची दाटी मात्र सीमेपलीकडे गुजरातेत झाली. वाड्यांत मजुरी मिळते, पण सगळ्यांना पुरेल इतकी नाही. घरचा तांदूळ फाल्गुनापर्यंत पुरला तर वर्ष चांगले, असा हिशेब.

जगायला जाण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत आणि त्यांची पंचांगे एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत. एक वाट वीटभट्टीची. भट्टीवर अख्खे कुटुंब जाते. भात कापून, झोडून, दिवाळी झाली की बायको-मुलांसह, कोंबड्या आणि भांडी घेऊन वसई, भिवंडी, कल्याणच्या भट्ट्यांवर मुक्काम पडतो आणि पावसाच्या तोंडावर उठतो. दुसरी वाट बोटीची आणि ती एकट्या पुरुषाची. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. माशांच्या विणीसाठी ठरवलेला हा काळ नेमका पेरणी आणि आवणीचा आहे. म्हणून खलाशी राबावर बी टाकायला, चिखलणीला आणि आवणीला घरी असतो. रोपे उभी राहिली की निघतो. आपण लावलेले भात पिवळे झालेले तो सहसा पाहत नाही, कापणी बायको, आई आणि भावकीच्या अंगावर पडते. एकाच पाड्यावर एका घरातला माणूस कापणी करून निघतो आणि शेजारचा लावणी करून निघालेला असतो. बाहेरून सरसकट ‘स्थलांतर’ म्हटले की हा फरक दिसेनासा होतो, आणि योजना आखणाऱ्यांच्या तो बहुधा ध्यानात येत नाही.

बाहेर पडण्याची ही रीत फार जुनी नाही. शंभर वर्षांपूर्वी या भागातल्या वारल्याची अडचण नेमकी उलटी होती, त्याला जागा सोडता येत नव्हती. लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचे, याला लग्नगडी म्हणत. कर्ज फिटत नसे. मुंबई सरकारसाठी डी. सिमिंग्टन यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस आदिवासींच्या स्थितीचा अहवाल केला, त्यात या वेठीची नोंद आहे. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरीला किसान सभेची परिषद भरली आणि वेठ व लग्नगडी मोडण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात गवतकापणीचा संप झाला. मुंबईच्या तबेल्यांसाठी गवत इथून जाई आणि ते कापणाऱ्यांची मागणी ५०० पौंडांना अडीच रुपये अशी होती. तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच माणसे मेली.

या लढ्याच्या मागे उभ्या राहिलेल्या गोदावरी परुळेकर यांचा उल्लेख इथे वेगळ्या कारणानेही करायला हवा. पुण्यातल्या सुस्थित गोखले घराण्यातली, वकिलीची पदवी घेतलेली ही बाई घर-पेशा सोडून डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत पाड्या-पाड्यांवर पायी हिंडली, मिळेल त्या झोपडीत राहिली. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या त्यांच्या १९७०च्या पुस्तकाला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. स्थिर आयुष्य आपखुशीने सोडणे म्हणजे काय, याचे या तालुक्यांतले सर्वांत ठळक उदाहरण त्यांचेच. खलाशाचे जाणे या जातीचे नाही, पण ते शक्य झाले त्यात त्या लढ्याचा वाटा आहे. वेठ संपली नसती, तर वारली वेरावळला पोचलाच नसता. लग्नासाठी, आजारपणासाठी, कौलांसाठी उचल घेणे आजही आहे. तेव्हा कर्ज माणसाला मालकाच्या शेतावर खिळवून ठेवी, आता तेच त्याला घराबाहेर काढते.

बोटीवर जागा मिळते ती ओळखीने. बोटीचा प्रमुख तो तांडेल. झाई, नारगोळ, उंबरगाव या किनाऱ्यावरचे अनुभवी तांडेल सौराष्ट्रातल्या मालकांच्या बोटी चालवतात आणि माणसे जमवतात. गेल्या वर्षी गेलेला खलाशी भाच्याला, चुलतभावाला घेऊन येतो. पावसाळ्यातच उचल हातात पडते. त्या पैशांत आवणीचा खर्च, खत आणि घरचे धान्य निघते, म्हणजे अजून न पकडलेल्या मासळीवर शेत लावले जाते. लेखी करार क्वचितच असतो. उचल कोणाची किती, हे तांडेलाच्या वहीत असते आणि खलाशाच्या डोक्यात. निघताना सामान थोडके: दोन-तीन कपडे, घोंगडी किंवा चादर, मोबाईल, आधार कार्डाची प्रत. मासेमारांची बायोमेट्रिक ओळखपत्रे २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर आली. ‘कुबेर’ ही पोरबंदरची बोट पळवून अतिरेकी मुंबईपर्यंत आले होते. तेव्हापासून बोटीवर कोण आहे याची नोंद बंदरावर बघितली जाते.

सौराष्ट्रातली ट्रॉलर बोट साधारण पंधरा मीटर लांबीची. तिच्यावर तांडेल, इंजिन सांभाळणारा, स्वयंपाक करणारा आणि बाकीचे खलाशी असे सात-आठ जण. मागे केबिन, तिच्यात आडवे होण्यापुरत्या फळ्या. फळीच्या खालून इंजिनाची धडधड रात्रंदिवस चालू असते. घरी परतलेल्या माणसाला पहिले काही दिवस शांततेमुळे झोप लागत नाही, असे खलाशी सांगतात. पुढे डेकखाली मासळीचे खण, निघताना बर्फाने भरलेले. डिझेल, गोडे पाणी, तांदूळ, पीठ, कांदे-बटाटे भरले की फेरी सुरू होते, ती पंधरा-वीस दिवसांची.

ट्रॉल जाळे तळाशी सोडून बोट तीन-चार तास ते ओढत फिरते. मग विंच चालू होतो, दोर गुंडाळत जाळे वर येते आणि त्याची पिशवी डेकवर सोडवली जाते. माशांचा ओला, थरथरता ढीग पसरतो. खलाशी उकिडवे बसून तो निवडतात. पापलेट आणि कोळंबी वेगळी, माकूल वेगळे, चंदेरी पट्ट्यांसारखी वाकटी वेगळी, ढोमा वेगळा. अगदी बारीक आणि चेंगरलेला माल तो कुटा, तो सुकटीच्या भुकटीला जातो. निवडताना काटे बोटांत शिरतात. त्यावर खारे पाणी आणि बर्फ. खणात उतरून मासळीवर बर्फाचे थर द्यायचे काम नव्याच्या वाट्याला येते. ढीग संपेपर्यंत जाळे पुन्हा पाण्यात गेलेले असते. झोप मिळते ती दोन ओढींच्या मधल्या फटीत, दिवस-रात्र असा भेद न करता. आंघोळ खाऱ्या पाण्याची, गोडे पाणी पिण्यापुरते. रात्रीच्या वेळी दोरात पाय अडकून किंवा तोल जाऊन माणूस पाण्यात पडतो, हे बोटीवरच्या मरणाचे नेहमीचे कारण. लाइफ जॅकेट केबिनमध्ये असते, अंगात ते घालून जाळे ओढता येत नाही.

काठापासून काही मैल आत गेले की मोबाईलचे सिग्नल जातात. तांडेलाजवळचा वायरलेस इतर बोटींशी बोलण्यापुरता. घरी काय झाले हे फेरी संपवून बंदरात शिरल्यावरच कळते. बोट रिकामी करून बर्फ-डिझेल भरायला एक-दोन दिवस लागतात, तेवढ्यात फोन होतात, पैसे पाठवले जातात. पूर्वी पैसे गावी जाणाऱ्याच्या हाती देत, आता मोबाईलवरून खात्यात जातात. बाप वारल्याची बातमी दहाव्यानंतर पोचणे ही या कामातली अपवादाची गोष्ट नाही.

भट्टीवर गेलेल्या कुटुंबाला ही तुटलेपणाची शिक्षा नसते, पण तिथे मुले शाळेतून उठतात. योगायोग असा, की मुलांच्या मागे शाळेने जावे ही कल्पना डहाणू तालुक्यातच आकाराला आली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच गुरचरणीत नेली, तिचे नाव कुरणशाळा. पुढे वसईच्या बाजूला विधायक संसद या संस्थेने भट्टीवर भोंगाशाळा काढल्या. कच्च्या विटा रचून वर पेंढा टाकलेल्या झोपडीला भोंगा म्हणतात. खलाशाच्या मुलांना अशा शाळेची गरज पडत नाही, कारण त्यांची शाळा पाड्यावरच राहते. बापच तेवढा नसतो.

कोठेही राहून काम करण्याची मुभा हे अलीकडे शहरी सुशिक्षितांचे स्वप्न झाले आहे. एस्टोनियाने २०२०मध्ये अशा लोकांसाठी स्वतंत्र व्हिसा काढला आणि मग बऱ्याच देशांनी तो कित्ता गिरवला. तो मिळवायला ठरावीक मासिक उत्पन्न दाखवावे लागते. स्थळापासून मोकळीक ही पैसेवाल्याला परवाना म्हणून मिळते. खलाशाला ती न मागता मिळालेली आहे, आणि त्याच्या बाबतीत सरकारी कागदांना तिचे काय करायचे तेच सुचत नाही.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २००७-०८ साली अल्पकालीन स्थलांतरिताची व्याख्या केली, ती कामासाठी एक महिना किंवा अधिक पण सहा महिन्यांहून कमी काळ बाहेर राहिलेला माणूस अशी. भट्टीवरचे कुटुंब तिच्यात कधी बसते, कधी निसटते. खलाशी नऊ महिने बाहेर, म्हणून तो अल्पकालीन नाही. पण तो दुसऱ्या कोणत्या गावात राहायलाही गेलेला नाही. जिथे जास्त काळ राहतो ते त्याचे राहते ठिकाण मानायचे, तर त्याचे राहते ठिकाण अरबी समुद्र. रेशनचे बरे झाले. ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजना २०१९पासून टप्प्याटप्प्याने आली आणि गावाबाहेरच्या, अगदी परराज्यातल्या दुकानातही धान्य घेता येऊ लागले, पण त्याचा उपयोग भट्टीवाल्याला. खलाशाचे कार्ड घरीच हवे असते. मतदानाची गत याहून वाईट. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत पालघरचे मतदान २० मे रोजी झाले, म्हणजे हंगाम संपायला अकरा दिवस बाकी असताना. त्याच वर्षी विधानसभेचे २० नोव्हेंबरला झाले, तेव्हा बोटी ऐन भरात होत्या. सैनिकाला टपाली मत आहे, खलाशाला नाही.

२०२०च्या टाळेबंदीत हा पत्त्याचा घोळ उघडा पडला. मार्चअखेर हंगाम अचानक थांबला आणि बंदरांत अडकलेल्या बोटींवर शेकडो खलाशी राहिले. काही बोटी त्यांना घेऊन समुद्रमार्गे नारगोळ-उंबरगावपर्यंत आल्या. तिथून तलासरी हाकेच्या अंतरावर, पण मध्ये राज्याची हद्द. उतरायची परवानगी लगेच मिळाली नाही. गंमत अशी, की १९६०पर्यंत ही हद्दच नव्हती. उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यात होता. मुंबई राज्य दुभंगले तेव्हा त्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, उरलेल्या गावांचा तलासरी झाला. दोन्ही बाजूंना सोयरिकी आजही आहेत.

दुसरी हद्द पाण्यावरची, आणि ती दिसत नाही. कच्छच्या पश्चिमेला सुमारे ९६ किलोमीटर लांबीची सर क्रीक खाडी आहे. तिच्या सीमेचा वाद भारत आणि पाकिस्तान यांच्यात सुटलेला नसल्याने पुढे समुद्रातली रेषाही वादग्रस्त राहते. जखौच्या आसपास, सिंधूच्या मुखाकडे मासळी चांगली, म्हणून बोटी तिकडे ओढल्या जातात. प्रवाह आणि वारा बोटीला रात्रीतून मैलोन्‌मैल सरकवतात. पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा बोट पकडते, ती कराचीला नेते आणि खलाशी लांढी भागातल्या मलीर तुरुंगात जातात. बोट कोठे न्यायची हे तांडेल ठरवतो, मालक सुचवतो. तुरुंगात मात्र सगळे एकाच यादीत. शिक्षा काही महिन्यांची होते, सुटका वर्षांनी. दोन्ही देश २००८च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दिवशी एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. १ जानेवारी २०२५च्या यादीत पाकिस्तानच्या ताब्यात २१७ भारतीय मच्छीमार होते. अशा याद्यांत डहाणू-तलासरीची नावे वर्षानुवर्षे येत राहिली आहेत, आणि काही खलाशी तुरुंगातच वारले आहेत.

पकडल्याची बातमी पाड्यावर येते ती बहुधा मालकाच्या किंवा सुटलेल्या दुसऱ्या बोटीच्या फोनने. त्यानंतर कागदांचा प्रवास सुरू होतो. बोट गुजरातेत नोंदलेली, म्हणून माहिती तिथल्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे. माणूस महाराष्ट्रातला, म्हणून विचारणा पालघरला. कैदी सोडण्यापूर्वी तो भारतीय आहे याची खात्री भारताकडून व्हावी लागते. त्यासाठी पोलीस पाड्यावर येतात आणि घरच्यांकडे पुरावे मागतात. रेशनकार्डावरचे नाव, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला. तिसरीत शाळा सुटलेल्याचा दाखला शोधायला मुख्याध्यापकांना जुनी रजिस्टरे काढावी लागतात. कुडाच्या भिंतीला टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून ओल लागून चिकटलेले कार्ड निघते, त्याची घडी उलगडताना ते फाटते. नावाच्या स्पेलिंगात फरक निघाला की फाइल परत फिरते, कारण कराचीत नाव लिहिणाऱ्याने ते ऐकून उर्दूत लिहिलेले असते, आणि रेशनकार्डावर तलाठ्याने किंवा दुकानदाराने आपल्या कानाने.

खात्री पटली, दोन्ही सरकारांचे संबंध त्या महिन्यात बरे असले, तर कैद्यांची तुकडी कराचीहून लाहोरला आणि तिथून वाघा-अटारी हद्दीवर आणली जाते. गुजरातच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे पथक त्यांना ताब्यात घेते, अमृतसरहून रेल्वेने वडोदऱ्याला आणि पुढे वेरावळला नेते. तिथे जबाब होतात, माणसे नातेवाइकांच्या हवाली केली जातात. डहाणूकडची माणसे न्यायला बहुधा भाऊ किंवा सासरा आलेला असतो. बोट मात्र कराचीतच राहते, आणि पकडलेल्या दिवसापासूनचा पगार कोणी द्यायचा हे तांडेलाच्या वहीत लिहिलेले नसते.